पूर्व आफ्रिकेतील वन्यजीव सफारी : उद्याने आणि ऋतू

केनिया, टांझानिया, युगांडा आणि रवांडा या देशांत वन्यप्राणी पाहायला जाताना उद्यानाची निवड महिन्यावरून करावी लागते. प्राणी पाण्याच्या आणि कोवळ्या गवताच्या मागे फिरतात. त्यामुळे जे उद्यान सप्टेंबरमध्ये हत्तींनी गजबजलेले असते, तेच एप्रिलमध्ये ओस वाटू शकते. आधी रजेचा महिना पक्का करावा आणि मगच नकाशा उघडावा.

विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे या प्रदेशाच्या बऱ्याच भागात वर्षातून दोनदा पाऊस पडतो. मार्च ते मे हा मोठा पाऊस, त्याला स्वाहिलीत मसिका म्हणतात. नोव्हेंबर-डिसेंबरचा छोटा पाऊस म्हणजे वुली. जून ते ऑक्टोबर हा मुख्य कोरडा काळ असतो. गवत वाळते, पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यापाशी कळप जमतात. ताडोबात एप्रिल-मेच्या उन्हात हेच घडते. पण महाराष्ट्रातील शाळांची ही उन्हाळी सुट्टी तिकडच्या मसिकात येते. त्या काळात मातीचे रस्ते चिखलाने भरतात आणि काही तंबूनिवास बंद असतात. दर मात्र उतरतात, गर्दी ओसरते आणि सृष्टी हिरवीगार असते. छायाचित्रकारांनी हा काळ सरसकट टाळू नये.

कोरड्या ऋतूचा परिणाम सर्वांत ठळक दिसतो तो उत्तर टांझानियातील तारांगिरे येथे. आजूबाजूची मैदाने सुकली की गोरखचिंचांच्या या प्रदेशात हत्तींचे मोठे कळप तारांगिरे नदीकडे येतात आणि पाऊस सुरू झाला की उद्यानाबाहेर पांगतात.

टांझानियातील सेरेंगेटी आणि केनियातील मसाई मारा यांचा विचार एकत्रच करावा लागतो, कारण दहा लाखांहून अधिक वाइल्डबीस्ट (काळविटाच्या कुळातले मोठे प्राणी) आणि त्यांच्या सोबतचे झेब्रे दोन्हींमध्ये वर्षभर चक्राकार फिरत असतात. जानेवारी-फेब्रुवारीत हे कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्डुटूच्या आसपास असतात. ज्वालामुखीच्या राखेने समृद्ध झालेल्या तिथल्या मातीत वाढणारे आखूड गवत दुभत्या माद्यांना लागणारी खनिजे पुरवते. बहुतेक पिल्ले दोन-तीन आठवड्यांच्या आत जन्मतात. शिकारी कितीही असले तरी एकाच वेळी जन्मलेली इतकी पिल्ले त्यांना संपवता येत नाहीत. जातीच्या रक्षणाची ही विलक्षण व्यवस्था आहे. चित्ते पाहायलाही ही मोकळी मैदाने उत्तम. मे-जूनमध्ये कळप पश्चिमेला ग्रुमेती नदीकडे सरकतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये मगरींनी भरलेली मारा नदी पुन्हा पुन्हा ओलांडतात. हे दृश्य पाहायला मसाई मारातील नदीकाठी गाड्यांची दाटी होते, पण तीच नदी उत्तर सेरेंगेटीतूनही वाहते आणि तिथे तुलनेने शांतता असते. नदी कधी ओलांडली जाईल हे कोणीच सांगू शकत नाही, म्हणून एका रात्रीचा मुक्काम पुरत नाही. शिवाय दोन्ही उद्याने लागून असली तरी पर्यटकांना मधूनच पलीकडे जाता येत नाही. इसेबानिया या सीमानाक्यावरून वळसा घालावा लागतो.

टांझानियातील न्गोरोंगोरोच्या सुमारे 600 मीटर खोल ज्वालामुखी कुंडात पाणी बारमाही असल्याने तिथे कोणत्याही महिन्यात जावे. सिंह, तरस आणि काळे गेंडे तिथेच राहतात. जिराफ मात्र कुंडाच्या तळात दिसत नाहीत; त्यासाठी कार्यक्रमात दुसरे उद्यान हवे. कुंडाचा काठ उंचावर असल्याने जून-ऑगस्टमध्ये तिथे चांगलीच थंडी असते. केनियातील अंबोसेलीच्या दलदलींना किलिमांजारोकडून भूमिगत झऱ्यांचे पाणी मिळते, त्यामुळे हत्ती बाराही महिने दिसतात. 5,895 मीटर उंचीचे शिखर बहुधा पहाटेच ढगांबाहेर असते, तेव्हा मुक्काम उद्यानाजवळच करावा.

उत्तर केनियातील सांबुरू पुष्कळदा वगळले जाते, आणि ते चुकीचे आहे. ग्रेव्हीचा झेब्रा, जाळीदार नक्षीचा जिराफ आणि मागच्या पायांवर उभे राहून पाला खाणारा लांब मानेचा गेरेनुक या कोरड्या भागातले प्राणी मारा-सेरेंगेटीत भेटत नाहीत.

डोंगरी गोरिला पाहण्यासाठी युगांडातील ब्विंडी किंवा रवांडातील ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यान गाठावे लागते. चढ निसरडे असल्याने जून ते ऑगस्ट किंवा जानेवारी-फेब्रुवारी सोयीचे. परवाने मोजके असतात, ते आधी मिळवून मगच विमानाची तिकिटे काढावीत. गोरिलांजवळ एकच तास थांबू देतात आणि पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नसतो.

केनिया किंवा युगांडाहून भारतात परतताना पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचा दाखला विचारला जातो. ही लस प्रवासाला निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.