उन्हाळ्यात उसवलेलं धनुष्य

मी घरी बनवलेलं पहिलं धनुष्य मे महिन्यातल्या एका दुपारी आपोआप उसवलं. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला आमच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे. तिथे दोरी चढवलेल्या अवस्थेतच ते खिळ्याला टांगून ठेवलं होतं. कोणी ओढलं नव्हतं, हातसुद्धा लावला नव्हता. आम्ही खाली जेवायला बसलो होतो आणि वर ‘कडाक’ असा आवाज झाला. जाऊन पाहतो तर वरच्या भुजेची फायबरग्लासची पट्टी मुठीपासून वीतभर सुटून उभी राहिलेली. लाकूड शाबूत, काचही शाबूत. सुटला होता तो त्या दोघांमधला डिंक, म्हणजे इपॉक्सी.

गल्लीतले सुतार, ज्यांना लहानथोर सगळे बापूच म्हणतात, ते वर आले, त्यांनी सुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “भाऊ, उन्हायामा हाई काम नको करू.” त्यांचं निम्मं बरोबर होतं. उन्हाळ्याचा संबंध होताच, पण डिंक मी जानेवारीत लावला होता. चूक हिवाळ्यात झाली होती, उन्हाळ्यानं ती फक्त उघडी पाडली.

आता मुळात धनुष्याला डिंक लागतोच कशाला? एक शंभर पानी वही घ्या आणि वाकवा. सहज वाकते, आणि कडेची पानं जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकमेकांवरून सरकलेली दिसतात. हीच पानं एकमेकांना घट्ट चिकटवली असती तर वहीची फळी झाली असती. सारख्या जाडीच्या चार पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवल्या तर त्यांचा ताठपणा एका पट्टीच्या चौपट होतो. त्याच चिकटवल्या तर 64 पट, कारण ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. म्हणजे केवळ सरकणं थांबवल्यामुळे 16 पट फरक. धनुष्य ओढताना प्रत्येक थर शेजारच्या थरावरून सरकू पाहत असतो आणि डिंक त्याला सरकू देत नाही. माझ्या शेडमध्ये दोरी चढवलेली होती म्हणजे हे ओढाताणीचं काम चोवीस तास चालूच होतं.

धनुष्य वाकलं की लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची दाबली जाते. पहिलीला पाठ म्हणू, दुसरीला पोट. या दोघींच्या मध्ये कुठेतरी एक थर असा असतो की तो ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. त्यामुळे जो माल कडेला आहे तोच कष्ट करतो, मधला बराचसा बसून खातो. मग कडेला सगळ्यात ताठ पदार्थ लावावा आणि मध्ये हलकं काहीतरी भरावं, हा विचार आलाच.

आकड्यांत बघा. भुजेची जाडी 10 मिलिमीटर धरा: मध्ये 8 मिलिमीटर लाकूड, पाठीला आणि पोटाला 1-1 मिलिमीटर फायबरग्लास. लाकडाचा ताठपणा साधारण 12 गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक), सरळ तंतूंच्या काचपट्टीचा, म्हणजे फायबरग्लासचा, 40 च्या आसपास. हिशेब मांडला तर जाडीचा फक्त पाचवा हिस्सा असलेली काच एकूण ताठपणातला तीन चतुर्थांश वाटा उचलते. सागाला, शिसवाला कितीही भाव असो, धनुष्यात त्यांचं मुख्य काम दोन काचपट्ट्यांना एकमेकींपासून 8 मिलिमीटर लांब ठेवण्याचं. सुतारकाम आवडणाऱ्याला हे ऐकून वाईट वाटतं, मलाही वाटलं.

मग अख्खं धनुष्यच काचेचं का नको? कारण वजन. तेवढ्याच ताठपणाची निव्वळ काचेची भुजा साडेआठ मिलिमीटरची होईल, पण तेवढ्याच आकारमानाची काच लाकडाच्या जवळजवळ तिप्पट जड, म्हणून भुजेचं वजन पावणेदोन पटींवर जाईल. बाण सोडल्यावर धनुष्याला स्वतःच्या भुजाही पुढे फेकाव्या लागतात. भुजा जड, तर ताकद त्यांनाच पळवण्यात जाते आणि बाणाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

ही ताकद असते तरी किती? 40 पौंडांचं, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारं, धनुष्य 20 इंच ओढलं तर त्यात सुमारे 45 ज्यूल ऊर्जा साठते. रावेरच्या बागेतला 20 किलोचा केळीचा घड वीतभर उचलायला लागते तेवढीच. ऐकायला काहीच नाही. पण त्यातली 70 टक्के जरी 30 ग्रॅमच्या बाणात उतरली तरी बाण ताशी सुमारे 165 किलोमीटरनं सुटतो. आणि बाण न लावता दोरी सोडली तर ती सगळी ऊर्जा भुजांमध्ये आणि डिंकाच्या रेषांमध्ये परत जाते. रिकामं धनुष्य कधीही सोडू नये असं म्हणतात ते यासाठी.

थर चिकटवून धनुष्य करण्याची युक्ती काही फायबरग्लासबरोबर आलेली नाही. तुर्की आणि मुघल धनुष्यांत पाठीला जनावरांच्या कंडरांचे (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांचे) तंतू, कारण ते ताण सोसतात, पोटाला शिंग, कारण ते दाब सोसतं, आणि मध्ये पातळ लाकूड. जपानी धनुष्यात पाठीला आणि पोटाला बांबू, मध्ये लाकूड आणि बांबूच्या कांड्या. चिकटवायला प्राण्यांच्या कातडीचा किंवा माशांचा सरस. हा सरस ओलाव्यानं मऊ पडतो, म्हणजे आपल्याकडचा पावसाळा त्याचा वैरीच. मुघल काळात आपल्याकडे पोलादी धनुष्यंही घडवली जात. ती शिंगाच्या धनुष्याइतकी चपळ नसत, पण शस्त्रागारात चार पावसाळे पडून राहिली तरी उसवत नसत. फायबरग्लास आणि कृत्रिम डिंक धनुष्यांत आले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर, अमेरिकेत.

आणि आपल्या उत्तरेला सातपुड्यात जे धनुष्य शेकडो वर्षं चालत आलंय, त्या भिलांच्या कामठ्यात डिंक नाहीच. बांबूचं धनुष्य, दोरीही बांबूच्याच चिपाटीची. मला हे नेहमी थोडं खजील करतं. बांबू हा निसर्गानं आधीच थर लावून दिलेला माल आहे: चिवट तंतू, ते धरून ठेवायला लिग्निन नावाचा नैसर्गिक डिंक, आणि तंतूंची दाटी आत विरळ, सालीकडे गच्च. म्हणजे जिथे कष्ट जास्त तिथे माल जास्त. मी फायबरग्लास विकत आणून जे साधू पाहत होतो ते मानवेलीच्या बेटात उभंच होतं. वाकडा बांबू विस्तवावर धरून सरळ करतात तेव्हाही हेच शास्त्र चालू असतं. उष्णतेनं लिग्निन सैल पडतं, तंतू नव्या जागी सरकतात, गार झालं की तिथेच बसतात. फरक इतकाच की बांबूच्या या डिंकाला सैल पडायला विस्तव लागतो. माझ्या डिंकाला मे महिना पुरला.

त्याचं कारण इपॉक्सीच्या स्वभावात आहे. एका डब्यात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. एकत्र केले की त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि शेवटी सगळं मिळून एक जाळं होतं. हे जोडकाम चालू राहायला रेणूंना हलायला जागा लागते. जानेवारीत आमच्याकडे रात्री पारा 10-12 अंशांपर्यंत उतरतो. अशा गारठ्यात जाळं अर्धवट विणलं जातं तोच डिंक काचेसारखा घट्ट होतो आणि उरलेली टोकं जोडीदाराविना जागच्या जागी अडकून पडतात. वरून टिचकी मारली तर टणक लागतं, म्हणून आपण फसतो. अशा डिंकाचं एक ठरावीक तापमान असतं, त्याच्यावर गेलं की तो रबरासारखा मऊ होतो. साध्या तापमानाला वाळवलेल्या इपॉक्सीत ते 50-60 अंशांच्या आसपास असतं. बाहेर 45, डोक्यावर तापलेला पत्रा, काचपट्टी काळी. पुढचं गणित सोपं आहे.

यावर इलाज म्हणजे शेक. डिंक एकदा धरला की धनुष्य साच्यासकट 80 अंशांच्या आसपास चार-पाच तास ठेवायचं. अडकलेली टोकं पुन्हा हलू लागतात, जाळं पुरं होतं आणि मऊ पडण्याचं तापमानही वर चढतं. त्यासाठी प्लायवुडची लांब पेटी, आतून थर्माकोलऐवजी रॉकवूल (उष्णता रोखणारी दगडी लोकर) आणि अॅल्युमिनियमचा कागद, आणि जुन्या पद्धतीचे 100 वॅटचे तीन बल्ब. एलईडी इथे कामाचा नाही, तो पुरेसा गरम होत नाही. थर्माकोल मी आधी लावला होता. तो 80 अंशांना आकसून कोपऱ्यात गोळा झाला.

मग बापूंचं उरलेलं निम्मं. इपॉक्सी कालवल्यावर काम करायला जो वेळ मिळतो तो तापमान दर 10 अंशांनी चढलं की अंदाजे निम्मा होतो. 25 अंशांना अर्धा तास मिळत असेल तर 45 ला जेमतेम साडेसात मिनिटं. त्यात पेल्यात साठलेला डिंक स्वतःच्या उष्णतेनं आणखी तापतो, धूर सोडतो, पेला वितळवतो. तो पसरट ताटात ओतून ठेवला तर बराच धीर धरतो. चार पट्ट्या, डिंक लावायचे सहा पृष्ठभाग, साडेसात मिनिटं: उन्हाळ्यात हे काम खरंच करू नये. पावसाळ्यातही नको, कारण दमट हवेत हार्डनरमधली अमाइन्स नावाची रसायनं ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून वर मेणचट साय धरतात, आणि लाकूडही ओलं असतं. दुसरं धनुष्य मी फेब्रुवारीत केलं, सकाळी.

साच्याला इकडच्या वर्कशॉपमध्ये फर्मा म्हणतात. 19 मिलिमीटरच्या प्लायवुडचे तीन तुकडे जोडून, धनुष्याच्या वळणाप्रमाणे कापून तो केला. त्यावर चिकटपट्टी, मग काच, लाकूड, लाकूड, काच. लाकडाच्या पट्ट्या मुठीकडून टोकाकडे निमुळत्या, 70 सेंटिमीटरमध्ये सुमारे 1.4 मिलिमीटर. इथे हात घसरला तर खैर नाही: मघाच्या 10 मिलिमीटरच्या भुजेत लाकूड 1 मिलिमीटर जास्त राहिलं की ताठपणा सुमारे 28 टक्क्यांनी वाढतो. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या, ताणून गुंडाळलेल्या. लोखंडी क्लँपपेक्षा त्या बऱ्या, कारण दाब सगळीकडे सारखा पडतो. पहिल्या वेळी मी क्लँप जीव खाऊन आवळले होते. त्यानं डिंक बाहेर पिळून निघतो आणि सांधा उपाशी राहतो.

काचेबद्दल एकच गोष्ट, कारण माझ्या ओळखीतल्या दोघांनी इथेच पैसे घालवले. फायबरच्या टाक्यांना लावतात ती मॅट चालत नाही. तिच्यातले तंतू सैरावैरा पसरलेले असतात आणि धनुष्याच्या कामी येतात फक्त लांबीच्या दिशेनं धावणारे. पट्टी सरळ तंतूंचीच हवी, आणि ती घासताना तोंडाला मास्क, अंगात पूर्ण बाह्या. काचेची कुसळं अंगात शिरली तर आंघोळ थंड पाण्यानं करा. गरम पाण्याची चूक मी एकदा केली आहे.

फर्म्यातून काढल्यावर धनुष्य भिंतीवर आडवं टांगायचं, दोरी कप्पीवरून हळूहळू खेचायची आणि दहा पावलं मागे जाऊन दोन्ही भुजा सारख्या वाकतात का ते पाहायचं. जी ताठ वाटते तिची कड कानशीनं घासायची, पाठपोट नाही. रुंदी कमी केली की ताठपणा त्याच प्रमाणात उतरतो, तिथे घन-बिन काही नाही, त्यामुळे चूक हळू होते आणि वेळेत दिसते. माझी खालची भुजा ताठ निघाली. बापू खुर्ची टाकून बसले होते. मी घासायचो, खेचायचो, मागे जायचो, आणि ते दर वेळी मान हलवायचे. दुपारी तीनच्या सुमाराला त्यांनी मान हलवली नाही.

ते धनुष्य आता दोन उन्हाळे काढून झालंय. दोरी उतरवून, खालच्या खोलीत, माठाशेजारी.