गाडी बघायला सकाळीच जा, आणि आधी इंजिनाला हात लावा

मागच्या जानेवारीत भाच्यासाठी सेकंडहँड मोटरसायकल बघायला इंदूरच्या पलासियाला गेलो होतो, सकाळचे आठ, पोहे-जिलेबीसुद्धा व्हायची होती. मालक म्हणाला, भिया हाफ किक में स्टार्ट होती है. झालीही. पण मी आधीच इंजिनाला हात लावून बघितलेला, चांगलंच गरम. म्हणे आत्ताच दूध घेऊन आलो. असेल बुवा. उद्या येतो, तोवर चालू करू नका सांगून निघालो.

का ते सांगतो. पिस्टन असतो ॲल्युमिनियमचा आणि तो ज्यात वरखाली होतो ती स्लीव्ह, म्हणजे नळी, बऱ्याच साध्या गाड्यांत बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे गरम इंजिनात दोघांमधली फट आपोआप कमी होते आणि झिजलेल्या इंजिनाची खडखड दबते. शिवाय थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, त्यात कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनाची दाब धरायची ताकद, गेलेलं असेल तर किका मारून मारून पाय भरून येतो.

मग धूर. सुरुवातीला सायलेन्सरमधून पांढरी वाफ नि थेंब आले तर घाबरू नका, एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं, थंड पाइपात ते दिसतं एवढंच. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालू करताच भपकन येऊन थांबला तर बहुधा वॉल्व्हपाशी ऑइल अडवणारं रबरी सील गेलंय, रेस दिल्यावर येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा, आणि रिंगा म्हणजे खर्च, मी तर तिथेच नमस्कार करतो.

डबल स्टँडवर मागून कुणाला तरी दाबायला सांगा, पुढचं चाक उचललं की हँडल हळू फिरवा, मधोमध खट्‌कन अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. सरळ जाताना हँडल मधेच असतं ना, मग बेअरिंगमधले छर्रे त्याच जागी ठोके खाऊन खड्डे पाडतात. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून, म्हणजे दातेरी चकतीवरून, ओढून बघा, अर्धा दात उघडा पडला तर संपली; लोखंड काही ताणलं जात नाही, प्रत्येक पिन किंचित झिजते आणि शंभराहून जास्त कड्यांचं मिळून बोटभर होतं. टायरवर 2319 असेल तर तो 2019 च्या 23व्या आठवड्यातला, नक्षी कितीही छान दिसो, रबर कडक झालेलं असतं. आणि डिस्क ब्रेकचा लिव्हर स्पंजासारखा लागला तर आत हवा आहे, ट्रायलसुद्धा घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी इंजिन गार होतं. अकरा किका, मग निळा धूर, आणि तो थांबेचना. मालक म्हणाला, ठंड है भिया. भाचा म्हणाला, मामा, पोहे खाऊ या.