बायपास झाला, जड वाहतूक उरली: सोलापूरच्या मागणीची पार्श्वभूमी

सोलापूरला बायपास हवा, याबद्दल शहरात फारसे दुमत कधी नव्हते. वाद होता तो कुणाच्या रानातून न्यायचा यावर, आणि झाल्यावर गाड्या खरेच तिकडून जातील का यावर.

गिरण्यांच्या काळात मालाचा मोठा भार रेल्वेवर होता. ताण वाढवला तो महामार्गांनी. धुळ्याहून येणारा जुना राष्ट्रीय महामार्ग 211 आणि मंगळूरला जाणारा जुना 13, दोन्हींचे एक टोक सोलापूर. 2010 च्या फेरक्रमांकनात 211 आणि 13 चा सोलापूर ते विजापूर हा भाग 52 मध्ये गेला. क्रमांक एक झाला, पण मधला दुवा शहराच्या पोटातूनच. तुळजापूरकडून आलेला ट्रेलर पत्रकार भवन, सैफुल करत विजापूर रोडला लागे, आणि त्याच रस्त्यावरून शाळेची मुले सायकलवर जात. बायपासला लोकांचा पाठिंबा मिळाला तो इथल्या अपघातांमुळे, नकाशातल्या रेघांमुळे नव्हे.

विजापूर महामार्गाच्या चौपदरीकरणात पुणे रस्त्यावरचे केगाव ते विजापूर रस्त्यावरचे हत्तूर हा सुमारे 21 किलोमीटरचा बायपास झाला. याच महामार्गावर 2021 मध्ये 18 तासांत 25.54 किलोमीटर लेन टाकल्याचा विक्रम गाजला. शहरातल्या दोन उड्डाणपुलांचे भूसंपादन मात्र वर्षानुवर्षे रखडले, हेही त्याच सोलापूरचे.

खरा गुंता दिवसाच्या जड वाहतूक बंदीचा. बायपास आहे म्हणून शहर जड गाड्यांना बंद करा, ही रहिवाशांची मागणी सरळ दिसते. पण अडते सूट कुणाला द्यायची यावर. मार्केट यार्डात जानेवारीत कांद्याची आवक वाढली की हैदराबाद रोड तुंबतो. तो माल शहरातच उतरायचा असतो, त्याला बायपासचा उपयोग शून्य. त्याच हंगामात उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर कुमठ्याच्या साखर कारखान्याकडे निघालेले असतात, आणि ऐन संक्रांतीत सिद्धेश्वर यात्रेची, म्हणजे गड्ड्याची गर्दी. शेतमाल अडवला तर शेतकरी चिडणार, सोडला तर बंदीला अर्थ उरत नाही. व्यापाऱ्यांना रात्रीची हमाली परवडत नाही, हे त्यांचे म्हणणेही खोटे नाही. तरी सूट जितकी वाढते तितकी फक्त वाट वाचवायला शहरात शिरणारी परगावची गाडीही त्यात खपून जाते, आणि बंदोबस्त ढिला पडतो तो नेमका इथेच.

शिवाय झालेला बायपास पश्चिमेचा. हैदराबादहून विजापूरला निघालेल्याला केगावपर्यंत वळसा घालण्यापेक्षा अक्कलकोट रोड, शांती चौक, आसरा हा रस्ता जवळचा वाटतो. म्हणून आता मागणी आहे पूर्व-दक्षिण बाजूच्या जोडरस्त्याची. जुळे सोलापूर आणि होटगी रोडची वस्ती त्यामागे जोराने उभी आहे. ज्यांची जमीन जाऊ शकते ते शेतकरी मात्र आधी मोबदल्याचा दर विचारतात.