स्थानिक नदीमाशांचे पुनरुज्जीवन (कोकण)

सह्याद्रीत उगम पावून अरबी समुद्राला मिळणाऱ्या कोकणातील नद्यांमधून घटत चाललेले गोड्या पाण्यातील मूळचे मासे टिकवणे आणि त्यांच्या विणीच्या जागा पूर्ववत करणे, यासाठीचे लोकपरंपरेतील व शासकीय प्रयत्न. महाराष्ट्राने 2023 मध्ये राज्यमासा म्हणून पापलेटाची निवड केली. नदीतल्या माशाला असा मान अद्याप मिळालेला नाही.

वैतरणा, सावित्री, शास्त्री, कर्ली या नद्या लांबीने थोड्या आणि उताराने तीव्र आहेत. उन्हाळ्यात वरच्या भागातला प्रवाह तुटतो व केवळ डोह उरतात. या खोल डोहांना कोकणात कोंड म्हणतात. मे महिन्यात नदीच्या मोठ्या पट्ट्यातले मासे अशा मोजक्या डोहांत एकवटलेले असल्याने, सुरुंग फोडून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून केलेली एका दिवसाची मासेमारी पुढच्या हंगामाची पैदासच संपवते. 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने स्फोटके व विष वापरण्यास मनाई केली, तरी हे प्रकार थांबलेले नाहीत. दुसरा मोठा घाला पावसाच्या तोंडाशी पडतो. पहिल्या पुराबरोबर ओढ्यांत आणि शेतांत चढणारे, अंड्यांनी भरलेले मासे उत्तर कोकणात ‘वलगणीचे’ व दक्षिणेकडे ‘चढणीचे’ म्हणून आवडीने पकडले जातात. समुद्रात यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. ओढ्याच्या तोंडाशी मात्र ही शिस्त सहसा दिसत नाही.

संवर्धनाचा सर्वांत जुना प्रकार देवस्थानच्या डोहांचा. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळणकोंड आणि वाडा तालुक्यात वैतरणेवरील तिळसे येथे देवाचे म्हणून मासे मारले जात नाहीत. भाविकांनी खाणे टाकताच खडस (महसीर) जातीचे मोठाले मासे काठाजवळ पृष्ठभागावर येतात, कारण तिथे माणसाचे भय त्यांना उरलेले नाही. या श्रद्धेने कायद्यापेक्षा अधिक काम केले आहे, असे म्हणायला हरकत नाही. मात्र तिचे संरक्षण डोहापुरतेच असते आणि विणीसाठी बाहेर पडलेला मासा पुन्हा जाळ्याच्या वाटेवर येतो.

घाटमाथ्यावर लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात खडसाची कृत्रिम पैदास गेली अनेक दशके होते आणि बोटुकली (बोटभर लांबीची पिल्ले) इतर राज्यांनाही दिली गेली आहे. हा उपाय जपून वापरावा लागतो. कावेरीत सोडलेल्या खडसामुळे तेथील मूळचा कुबडा महसीर मागे हटला, असे संशोधकांचे मत असून 2018 मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. कोकणातही ज्या नदीत बीज सोडायचे, त्याच नदीतली जनक (पैदाशीसाठीची) मासळी वापरणे इष्ट ठरते.

सिंधुदुर्गातील आंबोली येथे 2020 मध्ये शास्त्रीय वर्णन झालेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या लहानशा माशासाठी महादेव मंदिर परिसराला 2021 मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तालुका सावंतवाडीचा असला, तरी हिरण्यकेशी नदी पूर्वेकडे वाहते आणि तिचे पाणी कृष्णेच्या खोऱ्यात जाते.

पश्चिमवाहिनी नद्यांमध्ये असा शासकीय दर्जा मिळालेल्या जागेपेक्षा चढणीची वाट मोकळी असणे अधिक मोलाचे आहे. पात्रातला गोटा व वाळू यंत्राने उपसली, की अंडी घालण्याची जागा जाते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) मृगाच्या पावसाआधी काढले नाहीत, तर मासे बंधाऱ्याखालीच अडून तिथेच पकडले जातात.