कठीण निर्णय

कठीण निर्णय : उपलब्ध पर्यायांपैकी कोणताही एक पर्याय सर्व बाजूंनी सरस नसताना, परिणामांची खात्री देता येत नसताना आणि निवड लांबणीवर टाकण्याचीही किंमत मोजावी लागत असताना केलेली निवड. यांतील एखादी अट गळाली, की निर्णय महत्त्वाचा राहू शकतो, पण कठीण राहत नाही. बुडणाऱ्याला दोर टाकणे ही प्राणाशी गाठ असलेली गोष्ट आहे, पण तेथे विचार करण्यासारखे काही नसते. मराठी भाषेने कठीण निर्णयाच्या जाती फार पूर्वीच वेगळ्या केल्या आहेत. ‘इकडे आड तिकडे विहीर’ म्हणजे दोन्ही वाटा तोट्याच्या. ‘धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय’ म्हणजे आहे ती स्थिती टिकवणेही अशक्य आणि सोडणेही नुकसानीचे. मुलांच्या खेळातून आलेला ‘तळ्यात-मळ्यात’ हा शब्दप्रयोग मात्र परिस्थितीचे वर्णन करत नाही, तर माणसाचे करतो. परिस्थितीची अडचण आणि माणसाची धरसोड या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची गल्लत झाली, की कठीण निर्णयावर धीराचे उपदेश सुरू होतात आणि अडचण होती तिथेच राहते.

‘निर्णय’ ही संज्ञा न्यायदर्शनातून, म्हणजे तर्कशास्त्राचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनातून, आलेली आहे. त्या दर्शनाने मानलेल्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचारविषयांत, संशय तिसरा आणि निर्णय नववा आहे. पक्ष आणि प्रतिपक्ष या दोहोंच्या द्वारे विमर्श करून झालेले अर्थाचे निश्चितीकरण म्हणजे निर्णय, अशी त्याची व्याख्या केली जाते. या व्याख्येत संशयाला दोष मानलेले नाही. तो निर्णयाचा आरंभबिंदू आहे. तसेच प्रतिपक्ष मांडला गेला नसेल, तर झालेल्या निश्चयाला या अर्थाने निर्णय म्हणता येणार नाही. आजच्या व्यवहारात ठामपणा म्हणून जे मिरवले जाते, त्याचा बराचसा भाग या कसोटीवर उतरत नाही.

पाश्चात्त्य परंपरेत या विषयाला गणिताचे अंग मिळाले ते १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांमध्ये जुगारातील डावाच्या वाटणीसंबंधी झालेल्या पत्रव्यवहारातून. १७३८ मध्ये डॅनियल बर्नूली यांनी असे दाखवले, की तीच रक्कम गरिबाला आणि श्रीमंताला सारखी मोलाची नसते, त्यामुळे केवळ सरासरी लाभ मोजून माणसाची निवड समजत नाही. विसाव्या शतकात हर्बर्ट सायमन यांनी याहून मूलभूत आक्षेप घेतला. माणसाची माहिती, वेळ आणि हिशेब करण्याची शक्ती या तिन्ही गोष्टी मर्यादित असतात, म्हणून तो सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही. पुरेसा समाधानकारक पर्याय सापडला, की शोध थांबवतो. सायमन यांना १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार, मिळालेल्या शंभर रुपयांच्या आनंदापेक्षा गमावलेल्या शंभर रुपयांचे दुःख माणसाला अधिक बोचते आणि हा तोट्याचा धाक त्याच्या निवडीला वळण लावतो.

अंतःप्रेरणेवर किती विसंबावे, हा या विषयातील जुना वाद आहे. त्याचे उत्तर कोल्हापूरच्या गुऱ्हाळघरात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल. उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उकळत असताना कोणत्या क्षणी काहील चुलवाणावरून उतरवायची, हे गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारा कारागीर, ठरवतो. काकवी (पातळ गूळ) हवी असेल तर साधारण १०५ ते १०६ अंश सेल्सिअसला आणि गूळ हवा असेल तर ११८ अंशांच्या आसपास पाक उतरवावा, असे कृषितज्ज्ञ सांगतात. गुळव्या मात्र पाकाचे फुटणारे बुडबुडे, रंग आणि वास पाहतो, थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून बघतो आणि हाक देतो. थोडी घाई झाली तर गूळ मऊ राहून पाझरतो, थोडा उशीर झाला तर काळपट आणि करपट होतो, आणि बाजार समितीच्या सौद्यात रंगावरच दर ठरत असल्याने शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे मोल त्या काही क्षणांवर अवलंबून राहते. एवढ्या मोठ्या निर्णयासाठी गुळव्या कुणाचा सल्ला घेत नाही, आणि तो घेत नाही हे योग्यच आहे. एका हंगामात त्याच्या हातून शेकडो आदणे (एका वेळी उकळलेल्या रसाचे घाणे) निघालेली असतात, प्रत्येक आदणाचा बरा-वाईट निकाल वाफ्यात गूळ थंड होताच त्याच दिवशी समोर येतो, आणि रसाचे वागणे नियमबद्ध असते. कानेमन आणि अंतःप्रेरणेचे पुरस्कर्ते गॅरी क्लाइन यांनी २००९ मध्ये एकत्र लिहिलेल्या लेखात नेमक्या याच दोन अटी मान्य केल्या आहेत : परिस्थितीत ओळखता येण्याजोगी नियमितता हवी आणि चुकांमधून शिकण्याची पुरेशी संधी हवी. जिथे या अटी पूर्ण होतात तिथे मनाचा कौल भरवशाचा असतो. इतरत्र तो केवळ खात्रीचा आवाज काढतो.

त्याच गुऱ्हाळाला ऊस पुरवणाऱ्या शेतकऱ्याची स्थिती याच्या अगदी उलट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागण करावी, की जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत थांबून ‘सुरू’ हंगामाचा ऊस करावा, या निर्णयाचा निकाल वर्ष-दीड वर्षाने लागतो. त्यात पाऊस, तोडणी टोळीची उपलब्धता, कारखान्याचा दर आणि मुळे खाणाऱ्या हुमणी अळीचा प्रादुर्भाव एकमेकांत असे मिसळलेले असतात, की पैसे चांगले झाले तर ते निर्णयामुळे की नशिबामुळे, हे सांगता येत नाही. चाळीस वर्षे शेती केलेल्या माणसाच्या वाट्याला असे निकाल चाळीसच्या आतच येतात. गुळव्याला तेवढे काही दिवसांत मिळतात. म्हणून फळावरून निर्णयाची प्रत ठरवणे ही या क्षेत्रातील सर्वांत सामान्य चूक मानली जाते. चांगला निर्णय घेऊनही नुकसान होऊ शकते आणि आंधळेपणाने घेतलेला निर्णय फळास येऊ शकतो. निर्णयाची पारख तो घेताना काय माहीत होते, काय माहीत करून घेता आले असते आणि कोणते पर्याय विचारात घेतले, यांवरून करावी लागते. आणि त्यासाठी त्या वेळचे कारण कुठेतरी, निदान घरच्या वहीत, नोंदवलेले असावे लागते, कारण निकाल लागल्यानंतर स्मरणशक्ती आपल्याच बाजूने साक्ष देते.

दुसरा भेद परत फिरण्याच्या शक्यतेचा आहे. तोडणीनंतर खोडवा (कापलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक) राखला आणि फुटवे विरळ आले, तर तो मोडून दुसरे पीक घेता येते. आडसाली लागणीने मात्र शेत दीड वर्ष अडकते, आणि विहिरीसाठी जमीन विकली तर ती सहसा परत येत नाही. मागे फिरता येणाऱ्या निर्णयात वेळ दवडणे आणि न येणाऱ्यात घाई करणे, या दोन्ही उलट्या चुका एकाच घरात आढळतात.

निर्णयाची स्पष्टता म्हणजे काय, याचा कोल्हापूरच्या इतिहासातील सर्वांत बोलका नमुना म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेश. करवीर (कोल्हापूर) संस्थानच्या गॅझेटमध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा महाराज इंग्लंडमध्ये होते. १८९४ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला त्या वेळी सर्वसाधारण प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदे एकाच जातीच्या अधिकाऱ्यांकडे होती. आदेशाच्या सुमारास वेदोक्त प्रकरणाने, म्हणजे महाराजांचे धार्मिक विधी वेदमंत्रांनी करण्यावरून झालेल्या वादाने, वातावरण तापलेले होते आणि विरोध होणार हे उघड होते. अशा वेळी मागासलेल्या वर्गांच्या उन्नतीविषयी एखादा आशादायक जाहीरनामा काढणे सोपे होते. आदेशाने त्याऐवजी चार गोष्टी ठरवून टाकल्या. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. हे प्रमाण आदेश हाती पडल्याच्या तारखेपासून लागू. ज्या कचेरीत ते ५० टक्क्यांहून कमी असेल तिथे पुढची नेमणूक याच वर्गातून. आणि झालेल्या नेमणुकांचे तिमाही विवरण खातेप्रमुखांनी सादर करायचे. मागासलेले वर्ग म्हणजे कोण, हेही ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि अन्य पुढारलेले वर्ग वगळून असे सांगितलेले होते. आदेश काढणारा माणूस समुद्रापार असतानाही कारकुनाला ‘आता काय करायचे’ असा प्रश्न पडू नये, इतका तो पुरता होता. त्यातही तिमाही विवरणाची अट विशेष लक्षणीय आहे. निर्णय घेऊन सुटका झाली असे न मानता, तो अमलात येतो की नाही हे कळण्याची सोय त्यात निर्णयाबरोबरच केलेली होती.

कौल : दक्षिण कोकणातील आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील अनेक गावांत अवघड प्रश्नावर देवाला कौल लावण्याची प्रथा आहे. मूर्तीला किंवा पाषाणाला फुले अथवा पाकळ्या चिकटवून उजवी-डावी कोणती आधी पडते यावरून उत्तर घेतात. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी या प्रथेची एक उपयुक्तता दिसते. दोन्ही पर्याय खरोखरच समतोल असतील, तर आणखी विचाराने काही निष्पन्न होत नाही आणि भावकीतला वाद मात्र वाढतो. कौलाने तो वाद कोणाचाही पराभव न होता मिटतो. पाकळी नको त्या बाजूला पडल्यावर मन खट्टू झाले, तर आपल्याला काय हवे होते हेही त्याच क्षणी कळते.

वेळेच्या दडपणाखाली, अपुऱ्या माहितीवर आणि सामूहिकपणे घ्याव्या लागणाऱ्या निर्णयाचे उदाहरण म्हणून कोल्हापूरच्या पंचगंगा नदीच्या पुराचा विचार करता येतो. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट ठरलेली आहे. पावसाळ्यात ‘पाणी कुठंवर आलंय?’ हा प्रश्न शहरात नमस्काराच्या जागी विचारला जातो आणि त्याचे उत्तर फूट-इंचांत मिळते. अशी पातळी आधीच ठरवून ठेवण्याचा फायदा हा, की रात्री दोन वाजता, वीज गेलेली असताना, घाबरलेल्या घराला ‘निघायचे का’ या प्रश्नावर पहिल्यापासून विचार करावा लागत नाही. तो विचार उन्हाळ्यात, शांतपणे, कोरड्या जमिनीवर झालेला असतो. भोगावतीवरील राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे हे याच तत्त्वाचे यांत्रिक रूप म्हणता येईल : जलाशय पूर्ण भरला, की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. ज्या धरणांचे दरवाजे माणूस चालवतो, तिथे उन्हाळ्यासाठी पाणी साठवायचे, की येणाऱ्या पुरासाठी जागा रिकामी ठेवायची, हा तिढा प्रत्येक पावसाळ्यात उभा राहतो. तो कमी व्हावा म्हणून कोणत्या तारखेला किती साठा असावा याची जलाशय परिचालन सूची आधी मंजूर केलेली असते.

तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा असंख्य कुटुंबे घरातच अडकली. त्यांच्या मनात २००५ च्या महापुराची खूण पक्की होती. तेव्हा पाणी जिथवर आले होते त्याच्या वर ते येणार नाही, असा हिशेब त्या खुणेवरून केला गेला होता. आठवणीतला सर्वांत मोठा अनुभव हीच शक्यतेची शेवटची मर्यादा समजण्याची ही प्रवृत्ती मानसशास्त्राला चांगली परिचित आहे. पण प्रत्येक न निघालेल्या कुटुंबाला हाच दोष लावणे अन्यायाचे ठरेल. ज्याच्या गोठ्यात चार म्हशी आहेत त्याच्यासाठी प्रश्न ‘निघायचे का’ एवढाच नसतो. म्हशी कुठे बांधायच्या, त्यांना वैरण कोण देणार आणि दूध कुठे घालायचे, हाच त्याचा खरा प्रश्न असतो. त्याचे उत्तर तयार नसेल, तर धोक्याची सूचना कितीही वेळेवर आली तरी ती निरुपयोगी ठरते. बाहेरून हट्ट दिसणारे वर्तन अनेकदा असे न सुटलेले जोडप्रश्न असतात, आणि निर्णय सोपा करण्याचा मार्ग माणसाला समजावण्यापेक्षा ते जोडप्रश्न आधी सोडवण्यातून जातो. जुलै २०२१ मध्ये पाणी २०१९ च्याही वर चढले. नदीकाठच्या प्रयाग चिखली, आंबेवाडी यांसारख्या गावांत आता पाणी वाढू लागले, की जनावरांसह बाहेर पडण्याची तयारी आधीच सुरू होते.

पुराच्या शक्यतेवर आधारलेला, पण सावकाश घेता येणारा निर्णय म्हणजे घरखरेदी. नदीकाठच्या नकाशांवर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची समजली जाते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा आला की पुढची नव्व्याण्णव वर्षे निर्धास्त, असा लावला जातो; तो चुकीचा आहे. दर वर्षी एक टक्का शक्यता, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि मागच्या वर्षी पूर येऊन गेला म्हणून ती कमी होत नाही. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत लाल रेषेपर्यंत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के आणि निळ्या रेषेपर्यंत येण्याची सुमारे ५६ टक्के निघते. हे आकडे समोर ठेवून घर घेणारा आणि न घेणारा, असे दोघेही विचारपूर्वक वागत असू शकतात. एकाला जागेची सोय अधिक मोलाची वाटते, दुसऱ्याला झोप. विकणाऱ्याने ‘इथवर पाणी कधीच आलेलं नाही’ असे सांगितले आणि तेवढ्यावर ज्याने विसार दिला, तो मात्र २००५ ची खूण पाहून घरात थांबलेल्या माणसाच्याच जागी उभा असतो.