थरोब्रेड घोड्यांतील पांढरे रंगविन्यास

थरोब्रेड ही शर्यतीसाठी इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत घडवलेली घोड्यांची जात असून तिच्यातील बहुसंख्य घोडे तांबूस, तपकिरी, गडद तपकिरी किंवा करडे असतात. गुलाबी कातडीचे, जन्मतःच पांढरेशुभ्र असलेले शिंगरू या जातीत क्वचितच दिसते, आणि दिसलेच तर त्याच्या रंगाचे मूळ बहुतेक वेळा ‘किट’ या एकाच जनुकातील एखाद्या उत्परिवर्तनात, म्हणजे जनुकात झालेल्या बदलात, सापडते. मात्र जनुक एक असले तरी उत्परिवर्तने अनेक आहेत. ती वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या घोड्यांत, स्वतंत्रपणे उद्भवली. जातीची वंशनोंद जनरल स्टड बुकपासून, म्हणजे १७९१ पासून, ठेवली जात असल्यामुळे यांतील काही उत्परिवर्तनांचा माग थेट एका घोड्यापर्यंत काढता येतो. इतकी सोय फार थोड्या प्राण्यांच्या बाबतीत मिळते.

शर्यतीच्या मैदानावर जो घोडा ‘पांढरा’ म्हणून ओळखला जातो तो पुष्कळदा करडा असतो, आणि हा फरक आधी स्पष्ट केला पाहिजे. करडे शिंगरू रंगीत जन्मते, त्याची कातडी काळसर असते आणि वयाबरोबर केसांतील रंग ओसरत जाऊन ते म्हातारपणी पांढरे दिसू लागते. याचे कारण एसटीएक्स-१७ या जनुकातील सुमारे ४,६०० आधारजोड्यांच्या (डीएनएची ‘अक्षरे’) तुकड्याची पुनरावृत्ती असल्याचे २००८ मध्ये दाखवण्यात आले. करड्या घोड्यांत कातडीच्या रंगपेशींच्या गाठी होण्याचे प्रमाण वाढते तेही याच बदलामुळे. किटमुळे पांढरा झालेला घोडा मात्र जन्मापासूनच पांढरा असतो. त्याला रंगहीन, म्हणजे अल्बिनो, म्हणणेही चूक होय, कारण त्याचे डोळे सहसा गडद तपकिरी असतात.

किट हे जनुक घोड्याच्या तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. त्यापासून बनणारे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर बसून बाहेरचा संदेश आत पोहोचवते. गर्भावस्थेत भावी रंगपेशी पाठीच्या कण्यालगतच्या भागातून निघून साऱ्या कातडीभर पसरतात. तो प्रवास आणि त्यांचे तगून राहणे या संदेशावर अवलंबून असते. संदेश अपुरा पडला की कातडीच्या काही भागांत रंगपेशी पोहोचतच नाहीत किंवा तेथे टिकत नाहीत. थोडक्यात, पांढरा हा कोणी चढवलेला रंग नसून रंगाचा अभाव आहे. डोळ्याच्या पडद्यातील रंगद्रव्य वेगळ्या उगमाच्या पेशींतून येते.

रक्त आणि जननपेशींच्या निर्मितीतही किटचा वाटा असतो. म्हणून तीव्र स्वरूपाच्या उत्परिवर्तनाच्या दोन प्रती एकाच गर्भात आल्यास तो जगत नसावा, असे मानले जाते. पांढरे घोडे सहसा एकच प्रत बाळगतात. गुण प्रभावी, म्हणजे एका प्रतीनेही दिसणारा, असल्याने प्रत्येक शिंगराला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

किटमधील पांढऱ्या रंगाची उत्परिवर्तने ‘डब्ल्यू’ आणि पुढे क्रमांक अशी नोंदली जातात. २००७ मध्ये पहिली चार प्रसिद्ध झाली. आज ही संख्या तिसाच्या पुढे गेली आहे. थरोब्रेडमधील डब्ल्यू-२ चा उगम १९४६ मध्ये जन्मलेल्या केवाय कर्नल या तांबूस, पण बरेच पांढरे ठिपके-पट्टे असलेल्या घोड्याशी जोडला जातो. त्याची १९६३ मध्ये केंटकीत जन्मलेली मुलगी व्हाइट ब्यूटी पांढरी होती, आणि तिच्यापासून पांढऱ्या घोड्यांची एक शाखा चालू झाली.

सर्वांत गाजलेले उदाहरण जपानमधले. १९९६ मध्ये संडे सायलेन्स या काळपट घोड्यापासून वेव्ह विंड या घोडीला शिरायुकिहिमे ही पांढरी शिंगी झाली. आईबाप दोघेही रंगीत असताना असे शिंगरू जन्मणे म्हणजे नवे उत्परिवर्तन घडल्याची खूण होय. ते डब्ल्यू-१४ या नावाने ओळखले जाते. त्यात किटमधील ५४ आधारजोड्या गळालेल्या आहेत. तिची मुलगी बुचिको पांढऱ्या अंगावर गडद ठिपके असलेली, अबलख म्हणावी अशी होती. बुचिकोची मुलगी सोदाशी हिने डिसेंबर २०२० मध्ये हानशिन ज्युव्हेनाइल फिलीज ही सर्वोच्च दर्जाची शर्यत जिंकली, २०२१ मध्ये ओका शो आणि २०२२ मध्ये व्हिक्टोरिया माइल. पण तिची सख्खी बहीण मामाकोचा साधी तपकिरी निघाली, आणि २०२३ ची स्प्रिंटर्स स्टेक्स तिनेही जिंकली. निम्म्या शक्यतेचा नियम याहून नेमका क्वचितच दिसेल. दोघींचा पिता कुरोफुने करडा होता. सोदाशीला त्याच्याकडून करडेपणाचे जनुक मिळाले असले तरी ते बाहेर दिसणार नाही, कारण ज्या केसांत रंगच नाही त्यांतून तो ओसरणार कसा?

सर्व उत्परिवर्तने इतकी तीव्र नसतात. पुचिलिंगी या घोड्याच्या घराण्यातील डब्ल्यू-५ मुळे कोणाच्या पायांवर व पोटावर पांढरे डाग येतात, तर कोणी जवळजवळ पूर्ण पांढरा होतो. डब्ल्यू-२० तर इतके सौम्य आणि अनेक जातींत इतके पसरलेले आहे की एकटे असताना ते फार तर चेहऱ्यावरचा पट्टा रुंद करते. मात्र डब्ल्यू-५ बरोबर ते आले की घोडा जवळपास पांढरा होतो. दोन सौम्य दिसणारे आईबाप आणि पांढरे शिंगरू, हे कोडे म्हणूनच प्रत्येक वेळी नव्या उत्परिवर्तनाने सोडवण्याची गरज नसते.

कपाळावरचा टिळा आणि पायांतले मोजे, मराठीत ज्याला पंचकल्याणी म्हणतात तसा घोडा, हा बहुधा अनेक जनुकांच्या एकत्रित प्रभावाचा आणि थोड्याफार योगायोगाचा परिणाम असतो. क्लोन केलेल्या घोड्यांतही या खुणा तंतोतंत सारख्या येत नाहीत. तांबूस घोड्यांत त्या तपकिरी घोड्यांपेक्षा मोठ्या असतात, असेही आढळते. इतर जातींत दिसणारा, पाठीवरून ओलांडणाऱ्या मोठ्या पांढऱ्या पट्ट्यांचा टोबियानो विन्यास थरोब्रेडमध्ये नाही, आणि दोन प्रती आल्यास शिंगराला प्राणघातक ठरणारा, कुशींवर पांढरे डाग आणणारा फ्रेम विन्यास फारच विरळा आहे.

नोंदणीपुस्तकातील ‘पांढरा’ हा शब्द डोळ्यांना दिसते ते सांगतो, जनुक नव्हे. एकाच उत्परिवर्तनाची दोन भावंडे, एक पांढरे आणि दुसरे मोठ्या डागांचे तांबूस, वेगवेगळ्या रंगांच्या रकान्यांत नोंदली जाऊ शकतात. त्यांचे नाते जनुकचाचणीतच उघड होते.