लिव्हिंग विल केलंय, तरी हॉस्पिटल ऐकत नाही? गाडी कुठे अडते ते बघा

लिव्हिंग विल म्हणजे बरं होण्याची आशा नसेल आणि आपण स्वतः सांगू शकत नसू, तेव्हा नुसतं जगवत ठेवणारे उपचार नकोत असं आधीच लिहून ठेवणं. सुप्रीम कोर्टाने त्याला 2018 मध्ये परवानगी दिली, जानेवारी 2023 मध्ये नियम सोपे केले, तरी आयसीयूबाहेर नातेवाईकांना अजून 'डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घ्या आणि घरी न्या' असंच ऐकायला मिळतं. डॉक्टरांना पोलीस केसची भीती वाटते, आणि तीन-चार सह्यांची जबाबदारी घेण्यापेक्षा पेशंट घरी गेलेला त्यांना बरा वाटतो.

करायचं कोणी तर सज्ञान, शुद्धीत असलेल्या कोणीही. दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरचं अटेस्टेशन, झालं. आधी मॅजिस्ट्रेटची सही लागायची, ती आता लागत नाही, कोणी सांगितलं तर ते जुनं आहे. आपल्या वतीने निर्णय कोण घेणार त्यांची नावं टाका, एकापेक्षा जास्त चालतात.

आता घोळ. बरेच जण प्रॉपर्टीच्या विलमध्येच दोन ओळी टाकतात. अहो, ते विल उघडणार तुम्ही गेल्यावर! आणि 'मला उगाच नळ्या लावू नका' एवढ्यावर हॉस्पिटलमधलं डॉक्टरांचं कुठलंही बोर्ड निर्णय घेणार नाही, व्हेंटिलेटर, डायलिसिस, सीपीआर (थांबलेलं हृदय छाती दाबून चालू करणं) यातलं काय नको आणि कुठल्या अवस्थेत नको ते स्पष्ट लिहा. कॉपी लॉकरमध्ये नको, घरच्यांकडे, फॅमिली डॉक्टरकडे आणि महापालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. तिथे काउंटरवरच्या माणसाला बहुतेक काहीच माहीत नसतं, तेव्हा 'कस्टोडियन, म्हणजे ही कॉपी सांभाळणारा अधिकारी, कोण' असं लेखी विचारा आणि पोच घ्याच.

खरी अडचण हॉस्पिटलमध्ये. उपचार थांबवायचे का हे ठरवायला उपचार करणारे डॉक्टर आणि किमान 5 वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असं पहिलं बोर्ड बसतं. मग दुसरं, त्यातले तज्ज्ञ वेगळे आणि एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला. आपल्याकडे त्या नावाची खुर्चीच बहुतेक दिसत नाही, मग सिव्हिल सर्जन की जिल्हा आरोग्य अधिकारी यावर फाइल फिरते. प्रत्येक बोर्डाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचंय, पण लोक समजतात अर्ज दिल्यापासून 48 तासांत सगळं संपलं, तसं नाही, बोर्ड बसवायलाच वेळ जातो. म्हणून पेशंट सिरियस होताच हॉस्पिटलला लेखी विचारा की दुसऱ्या बोर्डासाठी नेमलेला डॉक्टर कोण. शेवटी हॉस्पिटलने मॅजिस्ट्रेटला बोर्डांचा निर्णय कळवायचा असतो, फक्त कळवायचं, परवानगी मागायची नाही, हे काही हॉस्पिटलांच्या लीगल डिपार्टमेंटलाही समजावून सांगावं लागतं.

विल नसेल तरी जवळच्या नातेवाईकांच्या संमतीने हीच दोन्ही बोर्डं बसू शकतात, हे कोणी आपणहून सांगत नाही. बोर्डाने नाही म्हटलं तर राज्यघटनेच्या कलम 226 खाली हायकोर्टात जाता येतं. इंजेक्शन देऊन जीव घेणं मात्र कायद्यात बसत नाही, ते मागूही नका. मन बदललं तर विल कधीही लेखी रद्द करता येतं, पण जुनी कॉपी जिथे जिथे दिलीये तिथे सगळीकडे कळवा.